प्रार्थना आणि आज्ञापालन यांची रोजची सवय: विदर्भातील शेतकरी ख्रिस्ती कुटुंबांसाठी

प्रार्थनेविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ बोलले जाते, आज्ञापालनाविषयीही बोलले जाते. परंतु हे दोन्ही विषय बहुधा दोन वेगळ्या उपदेशांत येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनातही ते वेगळेच राहतात. प्रार्थना म्हणजे डोळे मिटून करायची गोष्ट आणि आज्ञापालन म्हणजे दारू, खोटेपणा, व्यभिचार यांपासून दूर राहणे, अशी समजूत हळूहळू बसून जाते. पवित्र शास्त्रात मात्र त्यांची अशी फारकत दिसत नाही. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढीच बाल शमुवेलाची प्रार्थना होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एलीसमोर उभे राहून एलीच्याच घराण्याविषयीचा कठीण निरोप सांगावा लागला. गेथशेमाने येथे प्रभू येशूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असे म्हटले आणि तेथून उठून तो आपल्याला धरायला आलेल्यांना सामोरा गेला. म्हणून पुढील मार्गदर्शनाचा सारा भर एका गोष्टीवर आहे: सकाळच्या प्रार्थनेत जे करायचे म्हणून उमगले ते त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी हातून घडावे, आणि ते घडले की राहिले हे रात्रीच्या प्रार्थनेत देवासमोर सरळ सांगावे.

ही सवय घरातच लावावी लागते. विदर्भातील मंडळ्यांना वारसा मोठा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४०च्या दशकात नागपुरात आले. यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था चालली आणि त्यानंतर ती पुण्याला गेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. परंतु हा वारसा शहरांत आणि तालुक्याच्या गावांत जितका दिसतो तितका खेड्यांत दिसत नाही. एकाच पाळकाकडे अनेक गावे असतात, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, आणि काही गावांत ख्रिस्ती घर एखाददुसरेच असते. अशा घराने पाळकसाहेब येतील तेव्हाच प्रार्थना होईल असे ठरवले, तर वर्षातले बहुतेक दिवस प्रार्थनेवाचूनच जातील.

वेळ कामाशी बांधावी

पहाटे पाच वाजता उठून अर्धा तास प्रार्थना करावी असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो वाईट नाही, पण शेतकरी घरात तो फार दिवस टिकत नाही, कारण आपला दिवस घड्याळावर चालत नाही. रब्बीत पुष्कळ ठिकाणी कृषिपंपाची लाईन एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री असते. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रभर वावरात राहिलेल्या माणसाला पहाटे पाचची वेळ पाळायला सांगणे म्हणजे त्याच्या मनात नुसता अपराधीपणा भरणे होय. दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला की बायकांचा दिवस अंधारातच सुरू होतो. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत घरात बसायला कुणालाच सवड नसते. हंगामानुसार वेळ सरकत राहते, पण काही कामे मात्र कोणत्याही हंगामात चुकत नाहीत: चूल किंवा गॅस पेटवणे, पाणी भरणे, ढोरांना चारा टाकणे, वावराच्या धुऱ्यावर पहिला पाय ठेवणे, संध्याकाळी दिवा लावणे, अंथरूण टाकणे. यांपैकी तीन कामे निवडावी आणि प्रत्येकाला एक प्रार्थना बांधावी. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, आणि ५५व्या स्तोत्राचा कर्ताही संध्याकाळ, सकाळ व दुपार अशा तीन वेळा सांगतो. परंतु तीन ही काही सक्तीची संख्या नाही. नवीन माणसाने एकापासून सुरुवात करावी आणि ती महिनाभर स्थिर झाल्यावरच दुसरी जोडावी.

ज्यांना सवड नाही त्यांनी मार्काच्या पहिल्या अध्यायाकडे नीट पाहावे. प्रभू येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून निर्जन ठिकाणी प्रार्थनेला गेला, हे वचन सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या आधीच्या तीन वचनांकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी जमले होते आणि त्याने पुष्कळ रोग्यांना बरे केले होते. ती पहाटेची प्रार्थना निवांत माणसाची नव्हती. कामाने थकलेल्या आणि पुन्हा कामालाच लागणाऱ्या माणसाची होती.

येथे घरातील पुरुषांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. पत्नीने सकाळी प्रार्थना करावी अशी इच्छा असेल, तर त्या दहा मिनिटांत पाणी कोण भरणार आणि पोराला शाळेसाठी कोण तयार करणार याचे उत्तर पतीने द्यायला हवे. स्त्रीला मान देऊन तिच्याबरोबर सुज्ञपणे राहा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा होणार नाही, असे पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पतींना लिहिले आहे. अनेक घरांत आज्ञापालनाची पहिली पायरी सकाळी स्वतः उठून हंडा उचलणे हीच असेल.

जागा

आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे असे प्रभूने सांगितले (मत्तय ६:६). ज्या घरात दोनच खोल्या आणि सहा माणसे असतात तेथे दार लावणे जमत नाही. पण त्या वचनाचा रोख लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना न करण्यावर आहे, आणि ते गोठ्यात, अंगणातल्या कडुनिंबाखाली किंवा रानडुकरांपासून पीक राखायला बांधलेल्या मचाणावरही साधते. जागलीला जाणाऱ्यांना तर इतका एकांत मिळतो की तो वाया घालवू नये. जागा शक्यतो रोज तीच ठेवावी, कारण ओळखीच्या जागी बसले की मन लवकर स्थिर होते. प्रार्थना संपेपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा; ज्यांचे बायबल मोबाईलवरच आहे त्यांनी तेवढा वेळ नेट बंद ठेवावे.

प्रार्थनेत काय असावे

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. पहिले एक मिनिट काहीच न मागता बसावे. त्यानंतर स्तोत्रसंहितेतील एक स्तोत्र, किंवा ते मोठे असल्यास त्यातील एक भाग, ओठ हलतील इतपत आवाजात वाचावा. स्तोत्रे १५० आहेत, तेव्हा रोज एक घेतले तर पाच महिन्यांत संहिता पुरी होते. ११९वे स्तोत्र १७६ वचनांचे असले तरी त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग पाडलेले आहेत, आणि ते बावीस दिवसांत शांतपणे वाचता येते. आज्ञापालन शिकू पाहणाऱ्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण त्या स्तोत्राचा कर्ता देवाच्या आज्ञांवर प्रेम करतो. ओझे वाहणाऱ्याची कुरकुर त्यात नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मोबाईलवरील मराठी ऑडिओ बायबल ऐकावे, किंवा नातवंडाला एक स्तोत्र वाचायला लावून त्यातील एक वचन दिवसभरासाठी पाठ करावे. आपल्या कित्येक आज्या अक्षरओळख नसताना अख्खी स्तोत्रे तोंडपाठ म्हणत असत.

स्तोत्रानंतर प्रभूची प्रार्थना म्हणावी, पण ती रविवारी उपासनेत म्हणतात त्या गतीने म्हणू नये. प्रत्येक ओळीपाशी थांबून तीत त्या दिवसाची गोष्ट ठेवावी. ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना आपल्या गावाचे नाव घ्यावे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ येथे आपल्या घराबरोबर आपल्या वावरात राबणाऱ्यांची घरेही आठवावी, कारण प्रभूने ‘माझी’ म्हणायला शिकवलेले नाही. ऋणे सोडण्याच्या ओळीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबावे. सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज डोक्यावर घेऊन झोपणाऱ्या शेतकऱ्याला ऋण सुटणे म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. आणि म्हणूनच आपण कुणाकुणाला सोडलेले नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी अधिक टोकदार होतो. ज्याचे नाव मनात येते आणि ज्या नावापाशी जीभ अडखळते, त्या माणसाकडे बहुधा त्या आठवड्यात जायचे असते.

यानंतर इतरांसाठी मागावे. सर्वांसाठी रोज मागायला गेले तर नुसती नावांची यादी वाचून होते, म्हणून वार ठरवून घ्यावेत: सोमवारी नातेवाईक, मंगळवारी आजारी माणसे, बुधवारी शाळेचे शिक्षक आणि मुले, गुरुवारी मजूर व सालदार, शुक्रवारी सरपंच, आशाताई, तलाठी आणि गावाचा कारभार पाहणारे सगळे, शनिवारी पाळक आणि मंडळी. यातले बहुसंख्य लोक आपल्या धर्माचे नसतील. बाबेलमध्ये कैद होऊन गेलेल्यांनाही यिर्मयाने त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले होते; आपण तर आपल्याच गावात, आपल्याच माणसांत राहतो.

भाषेविषयी कुणी संकोच करू नये. मंडळीत उठून प्रार्थना करायला लाजणारी पुष्कळ माणसे प्रत्यक्षात देवाला लाजत नाहीत, तर पुस्तकी मराठी जमत नाही म्हणून गप्प राहतात. ‘बापा, आजचा दिवस तुह्या हाती. मजुरीचे पैसे आज द्याचे हायेत, मले विसरू देऊ नको,’ ही पूर्ण प्रार्थना आहे आणि तिच्यात कुठलीही सुधारणा करण्याची गरज नाही. मेळघाटात कोरकूत आणि गडचिरोलीत गोंडीत बोलणाऱ्यांनी घरी त्याच भाषेत देवाशी बोलावे.

शेवटी पुन्हा एक-दोन मिनिटे शांत बसून एकच प्रश्न विचारावा: प्रभू, आज माझ्याकडून काय व्हावे अशी तुझी इच्छा आहे? उत्तर बहुतेक वेळा फार साधे असते, आणि ते आपल्याला आधीपासूनच माहीत असते. ते एका वाक्यात वहीत लिहावे किंवा घरातल्या कुणाला तरी सांगावे. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे लिहू नये, कारण संध्याकाळी ते झाले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘काकांचे नेलेले फवारणीचे पंप आज परत करीन’ असे लिहावे.

दिवसाच्या मधल्या वेळेला लांब प्रार्थना लागत नाही. राजासमोर उभ्या असलेल्या नहेम्याने राजाचा प्रश्न आणि स्वतःचे उत्तर यांच्यामधल्या क्षणात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. बाजार समितीत मालाचा भाव ठरताना किंवा बँकेत साहेबांच्या टेबलासमोर उभे असताना तेवढीच प्रार्थना करता येते आणि तेवढी पुरते.

त्याच दिवसाचे आज्ञापालन

शेतकऱ्याच्या आयुष्यात देवाच्या आज्ञा बहुधा वावरात, वजनाच्या काट्याजवळ आणि पैशांच्या व्यवहारात समोर येतात, आणि नेमके तेथेच आपण त्यांना उपासनेपासून वेगळे करून टाकतो. म्हणून या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

प्रथम मजुरी. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असून त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, अशी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायातील आज्ञा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही संध्याकाळ होताच मालक कारभाऱ्याला मजुरांना बोलावून मजुरी द्यायला सांगतो. याकोबाने तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे लिहिले आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी देण्याची पद्धत आहे, आणि ती सर्वांच्या संमतीने चालत असेल तर तिच्यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बाजाराच्या दिवशी द्यायचे म्हणजे सकाळी द्यायचे. संध्याकाळी सहा वाजता, दुकाने उठण्याच्या वेळेला पैसे हातात ठेवले तर त्या बाईला सुकलेला भाजीपाला घ्यावा लागतो आणि दुकानदाराचे उधार तसेच राहते. कापसाचा चुकारा आला नाही म्हणून मजुरी थांबवणे हीसुद्धा आपल्याकडची जुनी सवय आहे. व्यापाऱ्याने आपल्याला थांबवले तर तो अन्याय वाटतो, आणि आपण मजूरबाईला थांबवले तर ती नाइलाजाची गोष्ट वाटते. प्रार्थनेत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. पहिल्या वेच्याआधीच मजुरीपुरती रक्कम बाजूला काढून ठेवणे हा यावरचा व्यावहारिक उपाय आहे, मग त्यासाठी घरातला एखादा खर्च पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

मग काटा. वेच्याची मजुरी किलोवर असते. दिवस कलला की बाया ओटीतला आणि गाठोड्यातला कापूस घेऊन कोठ्याजवळ येतात, फांदीला किंवा बल्लीला ताणकाटा टांगलेला असतो, एक जण गाठोडे अडकवतो आणि दुसरा वहीत आकडा लिहितो. काटा हलत असतानाच आकडा बोलला जातो. फडक्याचे वजन म्हणून अर्धा किलो, सकाळचा दव लागला होता म्हणून आणखी काही, असे कापले जाते, आणि वरचे ग्रॅम तर धरलेच जात नाहीत. बाई काही बोलत नाही, कारण उद्याही तिला कामावर यायचे असते. मापात व वजनात अन्याय करू नका, तुमचे काटे व वजने खरी असावीत, असे लेवीयच्या १९व्या अध्यायात लिहिले आहे, आणि आज्ञापालन कुठून सुरू करावे असे विचारणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी या काट्याकडे बोट दाखवीन. गाठोडे लावण्याआधी काटा शून्यावर आहे हे सर्वांना दाखवावे. काटा स्थिर होऊ द्यावा. रिकाम्या फडक्याचे वजन एकदा खरोखर करून तेवढेच वजा करावे. आकडा मोठ्याने वाचावा आणि वरचे ग्रॅम वेचणारीच्या बाजूने धरावेत. या चार गोष्टींना रोज पाच मिनिटे जास्त लागतात, हंगामाअखेर थोडे पैसेही जास्त जातात, पण संध्याकाळी प्रार्थनेला बसताना मन मोकळे असते.

सालदाराच्या बाबतीत गुढीपाडव्याला जे ठरले, म्हणजे रक्कम, धान्य, कपडे आणि सुट्ट्या, ते कागदावर लिहून दोघांकडेही ठेवावे आणि वर्षभर तसेच पाळावे. आजारपणाचे दिवस कापताना आपल्या घरच्या माणसाला जो न्याय लावला असता तोच लावावा.

धुऱ्याचा प्रश्न तर गावोगाव आहे. दरवर्षी नांगरताना एकेक तास पलीकडे सरकत गेले की दहा वर्षांनी भांडण पोलीस स्टेशनपर्यंत जाते. शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवू नये असे अनुवादात आणि नीतिसूत्रांतही आहे. आपला धुरा सरकला आहे असे मनात आले तर मोजणीची वाट न पाहता शेजाऱ्याला घेऊन वावरात जावे आणि आपल्याकडे आलेली जागा सोडून द्यावी. जक्कयाने तर अन्यायाने घेतलेल्याच्या चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती. निदान मूळ तरी परत जावे.

भाऊबंदकीविषयी लिहिताना हात जड होतो, कारण वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे सख्खे भाऊ एकाच उपासनेत वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात आणि एकाच प्रभुभोजनात भाग घेतात. दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, मग येऊन दान अर्पावे, हा प्रभूचा क्रम आहे (मत्तय ५:२३-२४). हे करताना पाच माणसे सोबत घेऊन जाऊ नये. मत्तयाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे पहिल्यांदा एकट्यानेच जावे. वाटणीचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. तब्येत विचारावी, चहा घ्यावा, आपल्याकडून जे बोलणे झाले त्याबद्दल क्षमा मागावी आणि परत यावे. समोरच्याने दार उघडले नाही तरी आपले आज्ञापालन अपुरे राहत नाही. दुसऱ्याच्या मनावर आपली सत्ता नसते.

रविवारविषयी मतभेद आहेत. सोयाबीन काढून ढीग लावलेला असेल आणि आभाळ भरून आले असेल, तर तो झाकायला किंवा मळणी उरकायला रविवारी गेलेल्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. पण प्रत्येक रविवार तसा नसतो. हंगामात दर रविवारीच निकड निघत असेल, तर ती निकड आपण स्वतः तयार केलेली आहे का ते तपासावे. आणि आपण उपासनेला जाताना मजुरांना मात्र कामावर ठेवू नये, कारण विसाव्याच्या आज्ञेत दासदासींचा आणि बैलांचाही उल्लेख आहे.

इतर धर्मांच्या मजुरांना वावरात आपल्या प्रार्थनेत उभे राहायला लावणे योग्य नाही. बवाज कापणाऱ्यांना ‘परमेश्वर तुमच्याबरोबर असो’ असे म्हणत शेतात येत असे आणि तेही त्याला आशीर्वाद देत. गरिबांना त्याच्या शेतात सरवा वेचता येत असे. मालकाची भक्ती मजुरांना कळायची असेल तर ती त्याच्या बोलण्याच्या सुरातून आणि त्याने दिलेल्या पैशांतून कळेल.

घरची उपासना

संध्याकाळच्या जेवणानंतर सगळे एकत्र असतात तेव्हा पंधरा मिनिटे घ्यावीत, त्यापेक्षा जास्त नको. एक गीत, पाच-सहा वचने, दोघातिघांच्या छोट्या प्रार्थना आणि प्रभूची प्रार्थना, एवढे पुरे. गीत आजीने निवडावे, वचने मुलांनी आळीपाळीने वाचावी. वडिलांनी येथे उपदेश करण्याचा मोह टाळावा, आणि ‘प्रभू, आमच्या अमुक पोराला अभ्यासाची बुद्धी दे’ अशा आडून दिलेल्या कानपिचक्या तर कधीच देऊ नयेत. अशाने मुलाला प्रार्थनेचीच भीती बसते. त्याऐवजी वडिलांनी सकाळी काय ठरवले होते आणि ते झाले की नाही हे सांगावे. ‘आज मी शेजाऱ्याकडे जाणार होतो, गेलो नाही, उद्या जाईन’ असे बापाच्या तोंडून ऐकलेले मूल आज्ञापालन म्हणजे काय ते शिकते. राग आला असेल तर झोपण्याआधी मिटवावा, कारण रागात असताना सूर्य मावळू नये असे इफिसकरांस पत्रात आहे, आणि दिवा मालवण्यापूर्वीची ही वेळ त्यासाठी उत्तम असते.

घरात पती किंवा पत्नी विश्वासी नसेल तर हट्टाने सगळ्यांना बसवू नये. आपण आपल्या जागी शांतपणे बसावे. कुणाला यावेसे वाटले तर जागा करून द्यावी.

उपवासाविषयी थोडक्यात. मे महिन्याच्या उन्हात वखरणीला जाणाऱ्याने पाणी सोडू नये. साखरेचे किंवा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. एका वेळेचे जेवण सोडून त्याचे धान्य एखाद्या गरजू घरी पोहोचवणे हा यशयाच्या ५८व्या अध्यायाला धरून होणारा उपवास आहे.

हंगाम वाया जातो तेव्हा

बोंडअळीने पऱ्हाटी पोकळ केली, काढणीच्या वेळी पाऊस लागला, किंवा घरात मृत्यू झाला, की सवय तुटते. तुटलेली सवय पुन्हा सुरू करताना राहिलेल्या दिवसांची भरपाई करू नये; ज्या दिवशी आठवण झाली त्या दिवसापासून एका छोट्या प्रार्थनेने सुरुवात करावी. पऱ्हाटीच्या तासात मधे मधे बी उगवले नाही म्हणून कुणी सगळे वावर मोडत नाही.

अशा दिवसांत उपकारस्तुतीचे शब्द ओढूनताणून आणू नयेत. ‘किती काळ’ असे देवाला विचारणारे १३वे स्तोत्र आणि अंधारातच संपणारे ८८वे स्तोत्र बायबलमध्ये आहे, म्हणजे देवासमोर असे बोलण्याची मुभा आहे. हबक्कूकाच्या शेवटी अंजिराला फुले नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात ढोरे नाहीत अशी सारी यादी आधी आली आहे आणि आनंदाचे शब्द त्यानंतर आले आहेत. ती यादी स्वतःच्या शब्दांत म्हणावी. पीक बुडाले ते प्रार्थना कमी पडली म्हणून, असे कुणालाही सांगू नये आणि स्वतःलाही सांगू नये. पिता नीतिमानांवर व अनीतिमानांवरही पाऊस पाडतो असे खुद्द प्रभूने सांगितले आहे.

विदर्भात याहून गंभीर गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या मंडळीतील किंवा शेजारचा कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला, अबोल झाला, देणीघेणी आवरू लागला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करीत घरी बसू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावे, जीव देण्याचा विचार मनात येतो का असे सरळ विचारावे, घरातली फवारणीची औषधे तेथून हलवावी, त्याला एकटे सोडू नये आणि सरकारी दवाखान्यात घेऊन जावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास सुरू असतो. रतामाच्या झाडाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोपू दिले, दोनदा भाकर आणि पाणी दिले, आणि त्याच्याशी बोलणे त्यानंतर केले. हाच क्रम आपणही धरावा.

सोबती

एकट्याने सवय टिकवणे अवघड जाते, म्हणून गावातील किंवा शेजारच्या गावातील एक विश्वासी सोबती निवडावा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री निवडावी हे बरे. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी गेले-आले की, पंधरा मिनिटे भेटावे आणि तीनच गोष्टी विचाराव्या: या आठवड्यात काय वाचले, काय करायचे ठरवले होते, आणि त्यातले काय राहिले. ऐकलेले तिसऱ्या कानावर जाऊ देऊ नये, हा या भेटीचा कडक नियम असावा; लहान गावात एक गोष्ट बाहेर गेली की दोन्ही घरे मंडळीपासून तुटतात. सोबत्याने उपदेश करू नये, फक्त विचारावे आणि मग दोघांनी मिळून प्रार्थना करावी. एखादी गोष्ट सलग दोन-तीन आठवडे राहूनच जात असेल, मग ते भावाकडे जाणे असो, उधार फेडणे असो किंवा धुऱ्याची जागा सोडणे असो, तर त्यामागे आळसापेक्षा भीती अधिक असते असे समजावे, आणि दुसऱ्या दिवशी सोबत्याने त्याच्याबरोबर त्या घराच्या किंवा त्या वावराच्या वाटेने निघावे, दारापाशी मागे थांबावे आणि त्याला एकट्याला आत जाऊ द्यावे.